पानफुटीचं पान, दुपारी साडेबारा

सव्वीस वर्षं मी पनवेलच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवलं, आणि त्यातली निम्मी तरी मटेरियल गोळा करण्यात गेली. मटेरियल हा आमच्या धंद्यातला शब्द. बेडूक, झुरळं, गांडुळं, कांदे, तळ्यातलं हायड्रिला, जास्वंदीच्या कळ्या, प्रात्यक्षिकाच्या दिवशी जे जे टेबलावर मांडावं लागतं ते सगळं मटेरियल. गणिताच्या सरांना खडू मिळाला की त्यांचं भागतं. आमची वीस मुलांची बॅच दारात उभी असायची आणि टोपलीत बेडूक नसायचे. तेव्हा माणसाचं काय होतं ते ज्याच्यावर गुदरलंय त्यालाच ठाऊक.

अंकाच्या संपादकबाई म्हणाल्या, "सर, नोकरीतल्या गमती लिहा. लोकांना दिवाळीत हलकंफुलकं लागतं." गमती आहेत माझ्याकडे. पण लिहायला बसलो की पेन एकाच दिवसाकडे वळतं, आणि तो दिवस काही हलकाफुलका नाही. म्हणून गमती आधी उरकून घेतो.

एका वर्षी मी वर्गात सांगितलं की पुढच्या आठवड्यात खेकड्याच्या कुळातले प्राणी बघायचेत, कुणाकडे काही मिळालं तर आणा. उरणच्या बाजूच्या एका कोळी आईने दुसऱ्याच दिवशी एसटीतून टोपलीभर चिंबोऱ्या पाठवल्या, नांग्या दोरीने आवळून बांधलेल्या. सोबत मुलाच्या तोंडी निरोप होता, "सरांना सांग, रस्सा जरा झणझणीत करा म्हनावं." आमचे प्रयोगशाळेतले परिचर गणपतमामा. त्यांनी दोन चिंबोऱ्या फॉर्मालिनच्या बरणीत सोडल्या आणि बाकीच्या "मटेरियल खराब व्हईल सर" असं म्हणत घरी नेल्या. त्या दोघी मी निवृत्त होईपर्यंत बरणीत होत्या, माझ्याकडे बघत.

दुसरी गंमत थरथरणाऱ्या पेशींची. आमचं कॉलेज हमरस्त्याला लागून. न्हावा शेव्याचं बंदर सुरू झालं आणि कंटेनर लादलेले ट्रेलर दिवसरात्र जायला लागले. एक ट्रेलर गेला की टेबलं हलायची आणि सूक्ष्मदर्शकातला कांद्याचा पापुद्रा नाचायला लागायचा. मुली विचारायच्या, "सर, ह्या पेशी जिवंत आहेत?" मी म्हणायचो, आहेत, पण नाचतायत त्या ड्रायव्हरमुळे.

आणि परीक्षक. बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेला दोन परीक्षक लागतात, एक कॉलेजातला आणि एक बाहेरून आलेला. बाहेरचा आला की आमच्याकडे लग्नघर व्हायचं. एकांना कर्नाळ्याचे पक्षी दाखवायला न्यावं लागलं. पक्षी एकही दिसला नाही, माकडं मात्र पुष्कळ दिसली आणि त्यांनी साहेबांचा डबा नेला. दुसरे एक जेवणानंतर तोंडी परीक्षा घेताघेता झोपी जायचे. समोरचा मुलगा उत्तर संपवून उभा राहायचा, मग मी हळूच म्हणायचो, "पुढचा." गुण मात्र ते झोपेतसुद्धा उदार हाताने द्यायचे.

झाल्या गमती. आता त्या दिवसाचं सांगतो. त्यासाठी थोडं शास्त्र सांगावं लागेल. ते मी वर्गात सांगायचो त्यापेक्षा बरं सांगायचा प्रयत्न करतो.

झाडं हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतात आणि उन्हाच्या जोरावर त्याची साखर करतात, इतपत सगळ्यांच्या कानावरून गेलेलं असतं. हा वायू आत शिरतो तो पानावरच्या बारीक छिद्रांतून. त्यांना पुस्तकात पर्णरंध्रं म्हणतात. घेवड्याच्या दोन दाण्यांसारख्या दोन पेशी समोरासमोर बसलेल्या असतात. त्या फुगल्या की मध्ये फट पडते, सैल झाल्या की फट मिटते. अडचण अशी की दार उघडलं की वायू आत येतो आणि त्याच दारातून पाणी बाहेर जातं. उन्हाळ्यात झाडापुढे हाच पेच असतो, खावं की पाणी राखावं.

हा पेच झाडं तीन तऱ्हांनी सोडवतात. भात, गहू, वाल ही साधी माणसं. दिवसा दार उघडतात, आलेला वायू पानातलं एक विकर, म्हणजे एन्झाइम, तिथल्या तिथे धरतं. हे विकर फार राबतं पण तितकंच गोंधळतं. ऊन चढलं की ते कार्बन डायऑक्साइड सोडून ऑक्सिजनलाच धरून बसतं, आणि केलेली मेहनत फुकट जाते. मका, ऊस, ज्वारी, अगदी अंगणातली हरळीसुद्धा, यांनी ओटीवर एक वेगळा माणूस बसवलाय. तो कार्बन डायऑक्साइडशिवाय कुणाला ओळखत नाही. तो वायू आतल्या खोलीत नेऊन देतो आणि गोंधळणारं विकर तिथे निवांत काम करतं. म्हणून कडक उन्हात मका तरारतो आणि भात दमतो.

तिसरी तऱ्हा निवडुंग, अननस आणि पानफुटी यांची. यांच्या घराची दारं भर दिवसा बंद असतात. रात्री गारव्याला ती उघडतात, वायू आत घेतात आणि आंबट आम्लाच्या रूपात साठवून ठेवतात. उजाडलं की दारं लावून घेतात आणि दिवसभर त्या आम्लातून वायू सोडवून उन्हावर साखर करत बसतात. कोळीण पहाटे बंदरावर जाऊन मासळी घेऊन येते आणि कालवण दुपारी करते, तसंच हे.

माझ्या पिवळ्या पडलेल्या नोट्समध्ये ही तिसरी तऱ्हा साडेचार ओळींत होती. "उदाहरणार्थ निवडुंग, अननस, पानफुटी," असं म्हणून मी खडू खाली ठेवायचो. वर सांगायचो, परीक्षेला आलंच तर एका गुणाला येईल. एम.एस्सी.ला याच प्रश्नावर मी चार पानं लिहिली होती, आकृतीसकट. आणि पानफुटी आमच्या कॉलेजच्या कुंपणाच्या भिंतीवर दाट माजलेली होती. पानाच्या कडेला पिल्लं फुटतात, पडेल तिथे रुजते, कुणी लावावी लागत नाही. मी रोज स्कूटर तिच्याशेजारी लावत असे.

नव्वदच्या दशकाची सुरुवात असेल. त्या वर्षीच्या बारावीत हेमलता नावाची मुलगी होती. जवळच्या ओवे गावाहून यायची. आगरी घरातली, सडपातळ, बोलायला धीट पण वर्गात बसायची शेवटून दुसऱ्या बाकावर. नव्या शहरासाठी त्यांची बरीचशी भातजमीन सरकारने घेतली होती. घरी आईवडील आणि म्हातारे आजोबा. हिला शेतकी कॉलेजात जायचं होतं. मी तिला एकदा विचारलं होतं, "अगं, जमीन गेली आणि आता शेती शिकून काय करणार?"

ती म्हणाली, "सर, जमीन आमची गेली. भात तर लोक खानारच ना."

मी हे झाडांच्या तीन तऱ्हांचं शिकवलं त्या दिवशी तिने हात वर केला. "सर, मंग भाताला पन मक्यासारखा मानूस ओटीवर का नाय बसवता येत?" वर्ग हसला. मला घंटेच्या आत धडा संपवायचा होता. मी म्हटलं, "ते देवाला विचार." पुढे बऱ्याच वर्षांनी वाचनात आलं की हा प्रश्न जगभरातल्या मोठमोठ्या प्रयोगशाळांना पडलेला आहे आणि अजून त्यांना उत्तर पुरतं सापडलेलं नाही. देवाला विचार म्हणून मी तिला गप्प केलं होतं, आणि मुलांना ते आवडलं म्हणून मी खूश झालो होतो.

फेब्रुवारीत प्रात्यक्षिक परीक्षा आली. त्या काळी वेगळी प्रवेश परीक्षा नव्हती. बारावीच्या विज्ञान विषयांतल्या गुणांवरच यादी लागायची आणि प्रात्यक्षिकाचे गुण त्यातच धरले जायचे. लेखी पेपरात कोण कुठे घसरेल सांगता येत नाही, पण प्रात्यक्षिकात पैकीच्या पैकी घ्यायचे हे सगळे धरून चालायचे. म्हणून तिथले दोन गुण जाणं म्हणजे फार मोठी गोष्ट होती.

एक प्रश्न ठरलेला असायचा, पानाचा पापुद्रा काढा, काचपट्टीवर बसवा, पर्णरंध्रं शोधा, दिसेल तशी आकृती काढा. वर्षभर आम्ही हे रिओच्या पानावर करायचो. जांभळ्या पोटाची पानं असलेलं हे शोभेचं झाड, पापुद्रा छान निघतो आणि रंध्रं स्वच्छ दिसतात, उघडी. आमच्याकडे रिओच्या सहा कुंड्या होत्या. परीक्षेच्या आधी संस्थेच्या मंडळींनी इमारत रंगवायला काढली. रंगाऱ्यांनी कुंड्या गच्चीवर नेऊन ठेवल्या आणि तिथेच विसरले. परीक्षेच्या दिवशी सकाळी गणपतमामा खाली आले ते दोन करपलेली पानं हातात घेऊन.

"सर, सगला रिओ गेला."

"आता?"

"आता तुमी सांगा."

मला आठवतं, मी खिडकीतून बाहेर पाहिलं. भिंतीवर पानफुटी डुलत होती. जाड, रसदार पान, पापुद्रा सहज सुटतो. म्हटलं, "मामा, ती आणा चांगली पाटीभर." मटेरियलची अडचण सुटली म्हणून मी मनातल्या मनात स्वतःची पाठही थोपटली. हा निर्णय माझा होता, दुसऱ्या कुणाचा नव्हता.

वीस जणांची बॅच. पापुद्र्याच्या प्रश्नाला मुलं बसली तेव्हा साडेबारा वाजले होते. बाहेर चांगलं रणरणत होतं. बाहेरून आलेले परीक्षक पन्नाशीचे, कडक इस्त्रीचे, शिस्तीचे. झोपणाऱ्यांपैकी नव्हते. ते एकेका टेबलापाशी थांबून कागद बघत होते, काचपट्टीकडे वरवर नजर टाकत होते आणि गुण सांगत होते. मी गुणपत्रिकेवर पेन्सिलीने आकडे मांडत होतो. शाईने शेवटी गिरवायचे असतात. एकोणीस मुलांनी आकृती काढली होती ती वर्षभर जर्नलमध्ये काढलेली. टपोऱ्या दोन पेशी, मध्ये ऐसपैस फट. पाचपैकी पाच, पाचपैकी पाच.

हेमलताच्या टेबलापाशी ते थांबले. तिच्या कागदावर फट नव्हती. दोन पेशी एकमेकींना चिकटलेल्या, मध्ये नुसती एक रेघ.

"हे काय काढलंय?"

"पर्णरंध्रं, सर."

"बंद?"

"हो सर. बंदच हायत. दिसतात तशी काढलीत."

"भर दुपारी झाडाने तोंड मिटून घेतलं का?" परीक्षकांनी माझ्याकडे पाहिलं. "बघा हो तुम्ही."

मी वाकून सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. रंध्रं मिटलेली होती. एकही उघडं नव्हतं. मी सरळ झालो आणि म्हणालो, "साल वाळली असेल. पापुद्रा काढायला वेळ लावला असेल."

"वाळली नाय सर," हेमलता म्हणाली. "पानी लगेच घातलं मी." मग जरा थांबून, जणू यामुळे काही फरक पडेल अशा आशेने ती म्हणाली, "ही पानं सर सकाळी आंबट लागतात. आजोबा मूतखड्याला देतात. संध्याकाळी आंबट नाय लागत. दिवसा त्यांचं काहीतरी येगलं चालतं."

परीक्षक म्हणाले, "पानं खायला आलीस की परीक्षेला?" आजूबाजूची मुलं खुदकन हसली. मीही हसलो. फार नाही, बाहेरून आलेल्या माणसाच्या विनोदाला जेवढं हसायची रीत आहे तेवढंच. तिने माझ्याकडे पाहिलं. पाचपैकी एक. तोंडी परीक्षेतही उत्तरं अडखळली म्हणून आणखी एक गेला.

जूनमध्ये निकाल लागला, जुलैत शेतकी कॉलेजाची यादी. ती दाखला न्यायला आली तेव्हा मी ऑफिसातच होतो. "सर, माझं नाव नाय आलं. तीन गुणांनी राहिलं," एवढंच ती म्हणाली. मी तिला जे मास्तर लोक सगळ्यांना सांगतात ते सांगितलं. बी.एस्सी. कर, पुढच्या वर्षी बघू, निराश व्हायचं नाही. तीन गुण कुठे गेले हे माझ्या डोक्यातही आलं नाही, असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलो.

सप्टेंबरात मला मूतखडा झाला. तो कसा दुखतो ते लिहीत नाही, दिवाळीचा अंक आहे. डॉक्टर म्हणाले, खडा बारीक आहे, पाणी भरपूर प्या. गणपतमामा म्हणाले, "डॉक्टर म्हनतात ते कराच. आनि सकाली अनशापोटी पानफुटीचं एक पान चावून खा." ते रोज सकाळी भिंतीवरचं पान धुऊन माझ्या टेबलावर ठेवायचे. चिंचेच्या पानासारखं आंबट लागायचं. मी तोंड वाकडं करून खात असे.

एक दिवस सकाळी मी कामासाठी अलिबागला गेलो आणि पाच वाजता परत आलो. पान टेबलावर तसंच सुकून पडलेलं होतं. मामांनी नवं आणून दिलं. मी चावलं आणि थांबलो. काही चवच नव्हती. गवत चावल्यासारखं.

"मामा, हे दुसऱ्या कुठल्या झाडाचं?"

"त्याच भिंतीवरचं हाय. संध्याकालचं ते आंबट नसतंच, सर." मामांनी माझ्याकडे जरा नवलाने पाहिलं. "सगल्यांना म्हायत हाय की."

मी खुर्चीवर बसलो. तोंडातला चोथा गिळायचंही सुचेना. रात्री दार उघडतं, आम्ल साठतं, दिवसा दार बंद, आम्ल संपतं. उदाहरणार्थ निवडुंग, अननस, पानफुटी. बावीस वर्षांचा असताना मी हे चार पानं लिहिलं होतं. दरवर्षी साडेचार ओळींत सांगत होतो. आणि भिंतीवरचं झाड आणि वहीतलं झाड एकच आहे, हे मला पस्तिशी उलटल्यावर जिभेने सांगितलं.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत मी मामांना घेऊन प्रयोगशाळा उघडली. पान तोडलं, पापुद्रा काढला, भिंगाखाली धरला. रंध्रं उघडी होती. एकेक फट स्वच्छ दिसत होती. त्याच झाडाचं पान साडेबाराला काढलं, सगळी मिटलेली. सकाळच्या पानांचा रस काढून ठेवला होता, संध्याकाळच्या पानांचाही काढला. दोन्हींत रंगदर्शक घालून अल्कली थेंबथेंब सोडत गेलो. संध्याकाळच्या रसाला गुलाबी रंग चटकन आला. सकाळच्या रसाला किती थेंब घातले तरी येईना, इतकं आम्ल त्यात होतं. मामा शेजारी उभं राहून थेंब मोजत होते. शेवटी ते म्हणाले, "म्हंजे पोरीचं बरोबर व्हतं." परीक्षेच्या दिवशी ते दाराशी उभे होते, त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या दिवसापासून गेले सात महिने ते हे वाक्य मनात ठेवून होते की काय, ते मी विचारलं नाही.

बोर्डाकडे पत्र लिहायचं ठरवलं. आमच्या हेडक्लार्कने समजावलं की प्रात्यक्षिकाचे गुण एकदा सीलबंद गेले की त्यांची फेरतपासणी नसते, उलट तुमच्यावर चौकशी लागेल. तरी मी पत्र लिहिलं. चांगलं दीड पान. ते टपालात पडलं नाही. टेबलाच्या खणात राहिलं आणि पुढे कधीतरी इतर कागदांबरोबर गेलं.

पण तिच्याकडे गेलो. त्याचं श्रेय मी स्वतःला देतो, कारण या गोष्टीत स्वतःला द्यायला दुसरं काही नाही. दसऱ्यानंतरच्या रविवारी ओव्याला गेलो. तिच्या वडिलांनी दारातच हात धरून आत नेलं, चटई घातली, चहा, वर तांदळाच्या पिठाची तळलेली बोरं. सर घरी आले म्हणून शेजारचे दोघं-तिघं दारात येऊन उभे राहिले. हेमलता तळोज्याला एका औषधाच्या कंपनीत पॅकिंगला लागली होती, रविवार म्हणून घरी होती. उरणकडचं स्थळ आलं होतं, माघात लग्न करायचं चाललं होतं.

मी चहाची कपबशी खाली ठेवली आणि सगळ्यांसमोर सांगितलं. की हेमलताने काढलेली आकृती बरोबर होती. की चूक माझी होती. की पानफुटी दिवसा रंध्रं मिटते हे मला माहीत असायला हवं होतं, आणि तिचे ते गुण गेले नसते तर तिचं नाव यादीत आलं असतं.

वडिलांनी आपलीही कपबशी खाली ठेवली. मग म्हणाले, "सर, ती तर आमाला सांगत व्हती का तिचंच चुकलं. दोन दिस जेवली नाय. आजा बोलला का पोरी, मी लहानपनापासून बघतो, ते पान सकाली आंबट असतं. तर त्यालाच बोलली, गप बस, तुला काय कलतंय, सर सांगतात ते खरं." कोपऱ्यात खाटेवर आजोबा बसले होते. त्यांना कमी ऐकू यायचं. कुणीतरी त्यांच्या कानाशी जाऊन मोठ्याने सांगितलं की सर बोलतात, पान सकाली आंबटच असतं. म्हाताऱ्याने मान हलवली आणि म्हणाला, "असतंच." त्यात त्याला नवीन काही वाटलं नाही.

कुणी मला एक शब्द बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. निघताना तिच्या आईने पिशवीत काकड्या आणि दुधी भोपळा घालून दिला.

हेमलता स्कूटरपर्यंत सोडायला आली. तिने अंगावर पदर घट्ट ओढून घेतला होता, अजून साडीची सवय झाली नव्हती. मी म्हटलं, "पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज कर. मी लिहून देतो, कुणाला भेटायचं ते भेटतो." ती म्हणाली, "आता नाय सर. आता ते राहिलं." रागाने नाही, एखादी वस्तू जागेवर ठेवून द्यावी तसं ती म्हणाली.

मग तिने विचारलं, "सर, त्या दिवशी तुमी स्वतः भिंगातून बघितलंत ना?"

"हो."

"मंग तुमाला काय वाटलं?"

मी म्हटलं, "मला खरंच वाटलं की साल वाळलीय. त्या वेळी लक्षातच आलं नाही."

ती म्हणाली, "असंल सर." आणि स्कूटर सुरू होईपर्यंत उभी राहिली. पुढे ती मला कधी भेटली नाही. उरणला असते असं कुणाकडून तरी कळलं. आमच्या भागातली भाताची शेतं एकामागून एक इमारतींखाली गेली. रिओच्या जागी परीक्षेला पुन्हा कधी पानफुटी ठेवली नाही. पुढे वर्गात हा धडा मी चांगला शिकवायला लागलो. मुलांना सकाळी एक आणि संध्याकाळी एक पान चावायला द्यायचो. त्यांना फार आवडायचं. जिल्ह्यातले दुसरे शिक्षक हा प्रयोग बघायला यायचे आणि मी तो माझा म्हणून दाखवायचो.

आता जे तिला सांगितलं नाही ते इथे लिहितो. स्कूटरपाशी मी तिच्याशी खोटं बोललो.

परीक्षेच्या त्या दिवशी बॅच संपल्यावर परीक्षक साहेब प्राचार्यांच्या खोलीत चहाला गेले. मुलं बाहेर गेली होती. काचपट्ट्या अजून सूक्ष्मदर्शकांखालीच होत्या, मामांनी धुवायला घेतल्या नव्हत्या. माझं मन स्वस्थ नव्हतं. मी उठून हेमलताच्या शेजारच्या टेबलावरच्या सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. तिथलीही रंध्रं मिटलेली होती. त्याच्या पुढच्या टेबलावरचीही. एकाची साल वाळेल, तिघांची वाळत नाही. तिथे मला कळलं. का मिटलीत ते कळलं नसेल, पण मुलीने दिसलं ते काढलं आणि बाकीच्यांनी पाठ केलेलं काढलं, एवढं नक्की कळलं. चौथ्या टेबलापाशी मी गेलो नाही.

ते बोलायचं म्हणजे बाहेरच्या परीक्षकांना खोटं पाडायचं होतं, आणि एकोणीस मुलांचे पैकीच्या पैकी कापायचे होते. त्यांत संस्थेतल्या मंडळींची दोन मुलं होती. माझ्या विषयाचा निकाल शंभर टक्के लागायचा त्याचा मला अभिमान होता. आणि मी उगाच मटेरियल बदललं हेही उघड झालं असतं. दुसऱ्या बाजूला एक ओव्याची मुलगी होती, आणि ती काही तक्रार करणार नव्हती.

साहेब रुमालाला हात पुसत परत आले. गुणपत्रिका माझ्यापुढे होती, आकडे अजून पेन्सिलीतच होते. "काही बदलायचंय?" त्यांनी विचारलं. ते खरोखर विचारत होते, मी सांगितलं असतं तर त्यांनी बदललेही असते.

मी नाही म्हटलं, आणि तिच्या नावापुढचा एक शाईने गिरवला.